एकशे सोळा साड्या, सहा हॉर्सपॉवर

आमच्या घरात प्रत्येक वस्तू दोन आहेत. मिक्सर दोन, इस्त्र्या दोन, गॅसचे लायटर दोन, कुकरच्या शिट्ट्यासुद्धा दोन. एक चालू, एक तयार. माझा नवरा श्रीकृष्ण दळवी चौतीस वर्षं रिफायनरीत पंपांच्या देखभालीवर होता आणि तिथे म्हणे कुठलाही महत्त्वाचा पंप एकटा बसवत नाहीत. 'ए' चालतो, 'बी' शेजारी तयार उभा असतो. 'ए'ने दगा दिला की 'बी' चालू. ही शिस्त त्याने लग्नानंतर महिन्याभरात घरी आणली. बायको मात्र एकच केली, आणि याचं श्रेय मी स्वतःकडे घेते.

मी त्याला नावाने हाक मारते. सुरुवातीला सासूबाईंना ते खटकलं होतं. पण मी शाळेत गणित शिकवते. दिवसभर पोरांना 'अरे गाढवा' म्हणून घरी आल्यावर 'अहो' म्हणणं मला काही जमलं नाही.

निवृत्तीला चार-पाच वर्षं उरली असताना श्रीकृष्णच्या डोक्यात बोट शिरली. दळव्यांचे पूर्वज इथल्या सरकारच्या घोडदळात होते. घोड्यावर बसून बडोद्याला आले आणि बडोद्याचेच झाले. या घराण्याचा पाण्याशी संबंध आंघोळीपुरता. तरी या गृहस्थाने कुठून तरी नकाशे मागवले आणि सुभानपुऱ्यात आमच्या टेनामेंटच्या पुढच्या अंगणात, जिथे माझ्या कुंड्या होत्या तिथे, प्लायवुड आणि फायबरची अठरा फुटी शिडाची बोट बांधायला घेतली. तीन वर्षं लागली. तीन वर्षं मी कपडे वाळत घातले ते त्या बोटीच्या बरगड्यांवर. येणारा-जाणारा फाटकाशी थांबून विचारायचा, "काका, आ शुं बनावो छो?" आणि काका अर्धा तास सांगत राहायचे. शेवटी बोट झाली, तिच्याखाली दोन चाकांचा ट्रेलर आला, डोलकाठी आडवी पाडून बांधायची सोय झाली आणि नाव ठेवलं 'राजनंदिनी'. जन्मभर पंपांना पी-१०१ म्हणून हाक मारणाऱ्या माणसाने ठेवलेलं हे नाव! मी काही बोलले नाही, असं म्हणणार होते; पण खोटं कशाला, बोलले.

मग दर रविवारी जीपमागे ट्रेलर जोडायचा आणि डभोईच्या रस्त्याने नर्मदा गाठायची, हा क्रम झाला. वारा असला की शीड. वारा पडला किंवा घाटाला लागायचं असलं की मागच्या फळीला टांगलेली मोटर. अडीच हॉर्सपॉवरची, हाताने उचलता येईल एवढी. पुरायची ती आम्हाला. दोन माणसं, एक डबा आणि थर्मास, एवढंच तर ओझं होतं.

चांदोदच्या थोडं अलीकडे सोमजपुरा नावाचं गाव आहे. नर्मदाजयंतीला तिथे नदीला साडी नेसवतात. एक साडी नव्हे. साडीला साडी जोडून या तीरापासून त्या तीरापर्यंत. माळ एका दोराला बांधलेली असते, मधे दहा-बारा नावा ती हातांवर झेलून धरतात आणि सगळ्यात पुढची नाव दोराचं टोक ओढत पलीकडे नेते. पूजा झाली की माळ गुंडाळून परत आणतात आणि ज्याची साडी त्याच्या घरी प्रसाद म्हणून जाते. हीच तिथी आपली रथसप्तमी. त्या दिवशी आमच्या महिला मंडळाचं हळदीकुंकू संपतं. म्हणून मीच काही वर्षांपूर्वी टूम काढली की बडोद्याच्या मराठी बायकांनीही नऊवारी द्याव्यात आणि समारोप नदीकाठी करावा. गावाला ते फार आवडलं. आमची एक नऊवारी म्हणजे त्यांची दीड साडी, त्यामुळे गाठी कमी लागतात.

गेल्या वर्षी गावाने मान दिला आम्हाला. पांढऱ्या शिडाची बोट पुढे असली तर शोभा येईल, असं पंचांना वाटलं. श्रीकृष्ण हरखून गेला. एवढा हरखला की वरच्या धरणातून पाणी सोडणार असल्याची सूचना सकाळीच गावात फिरली होती, ती त्याने ऐकून न ऐकल्यासारखी केली. दोराला अडचण नको म्हणून शीड गुंडाळून ठेवलं आणि अडीच हॉर्सपॉवरच्या भरवशावर एकशे दहा साड्या ओढत निघाला.

निम्मी नदी ठीक गेली. मग मधल्या धारेला लागला आणि बोट जागच्या जागी थांबली. मोटर जिवाच्या आकांताने ओरडत होती आणि समोरचा काठ तिळभर जवळ येत नव्हता. दोर सैल करायला तो पुढच्या टोकाकडे धावला. त्याच्या वजनाने नाक खाली गेलं, शेपूट वर आलं, मोटरचा पंखा पाण्याबाहेर आला आणि हवेतच फिरायला लागला. एवढ्यात सगळी माळ कमानीसारखी खाली वाहवत गेली आणि बुडालेल्या एका झाडाला अडकली. नावा उलटायला लागल्या. गावचे मुख्य नावाडी छनाभाई. त्यांनी क्षणभर इकडेतिकडे पाहिलं आणि कोयत्याने दोर तोडला.

त्रेसष्ट साड्या गेल्या. त्यात सगळ्यात पुढची होती इंदिराबाईंची. इंदिराबाई आमच्या मंडळातल्या सर्वांत वडील, ऐंशीच्या घरातल्या, आणि ती साडी त्यांचा लग्नातला शालू. मी मागून आणली होती, परत आणून देते असा शब्द देऊन. काठावर पाचशे माणसं होती. कोणी एक वाईट शब्द बोललं नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

घरी आल्यावर श्रीकृष्णने बोटीवर ताडपत्री टाकली ती आठ महिने काढली नाही. मंगळागौरीला बायका माझ्याशी जरा जास्तच गोड बोलल्या. इंदिराबाई म्हणाल्या, "नर्मदेने नेली, माझ्याकडून तरी कुठे नेसली जात होती." त्या मनापासून म्हणाल्या. मी मात्र घरी येऊन ताडपत्रीला एक लाथ घातली.

खंडेनवमीला आमच्याकडे पणजोबांच्या तलवारीची पूजा असते. पाटावर तलवार, बाजूला श्रीकृष्णचे पाने आणि हातोडे. त्या दिवशी बघते तर तलवारीशेजारी ती छोटी मोटर, हळदीकुंकू लावून ठेवलेली. आरती झाली आणि तो म्हणाला, "कांचन, मोटर मोठी घ्यायची. येत्या नर्मदाजयंतीला साड्या पलीकडे न्यायच्या आणि सगळ्याच्या सगळ्या परत आणायच्या. नाही जमलं तर बोट विकतो."

"अंगण रिकामं होईल," मी म्हटलं. पण त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुढचं गिळलं. तो गंमत करत नव्हता.

दुसऱ्याच रविवारी आम्ही छनाभाईंकडे गेलो. सत्तरीचा, काळाकभिन्न, कमी बोलणारा माणूस. त्यांनी श्रीकृष्णला चहा दिला, त्याचं सगळं ऐकून घेतलं, जुनी मोटर पायाने जरा हलवून पाहिली आणि म्हणाले, "आ मोटर नथी साहेब, मच्छर छे." मग म्हणाले, "दोर तो आपुं. पण पहेलां बतावो." दोर द्यायला त्यांची ना नव्हती, फक्त बोट ओढते हे आधी डोळ्यांनी बघायचं होतं.

दाखवायचं कसं? श्रीकृष्णने दोन दिवस विचार केला आणि खंडेराव मार्केटमधल्या आमच्या बटाटेवाल्याकडून लटकता काटा मागून आणला. पोती मोजायचा, शंभर किलोपर्यंतचा. घाटाच्या दगडी खुंट्याला काटा, काट्याला दोर, दोराला बोट, आणि मोटर पूर्ण जोरात. काटा बावीस किलोवर थांबला. म्हणजे आमची मोटर बावीस किलो ओढू शकत होती. मग घरातल्या वीस जुन्या चादरी जोडून त्यांची माळ प्रवाहात धरली. अर्धी नावांवर, अर्धी पाण्याला टेकलेली, म्हणजे खरोखर असते तशी. काठावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी वहीत आकडे लिहून घेत होते. वीस चादरींचा भार मोजला, साड्यांच्या लांबीने वाढवला, धारेचा वेग वाढला तर काय होईल ते धरलं. उत्तर आलं अठ्ठेचाळीस किलो.

"बावीसवर अठ्ठेचाळीस ओढायला निघाला होतास," मी म्हटलं.

"मोजलंच नव्हतं ने," तो म्हणाला. चौतीस वर्षं मोजण्यात गेलेला माणूस! त्याला स्वतःचीच लाज वाटत होती, म्हणून मी तिथेच थांबले.

मांडवीजवळ हार्दिकचं दुकान आहे. शेतीचे पंप, डिझेल इंजिनं आणि मागितल्यास बोटीच्या मोटरी. हार्दिक हसतमुख आणि मोकळ्या हाताचा. गिऱ्हाईक सहा मागायला आलं तर तो पंधरा दाखवतो. "काका, पंदरनुं लई ल्यो ने. झंझट ज नहीं." पंधरा हॉर्सपॉवरची ती मोटर टेबलावर एखाद्या नवरदेवासारखी बसली होती. श्रीकृष्णचे डोळे लकाकले. घोडदळातलं रक्त शेवटी!

मी पर्समधून वही काढली. "हिचं वजन?"

"पचास किलो, आंटी."

"आणि आमच्या बोटीचा वेग किती वाढेल?"

हार्दिक श्रीकृष्णकडे बघायला लागला. मला एव्हाना कळलं होतं की शिडाच्या बोटीचा वेग तिच्या पाण्यातल्या लांबीने ठरतो. आमची पाण्यात सोळा फूट. ताशी दहा किलोमीटरच्या पुढे ती जाणारच नाही. मागे कितीही मोठी मोटर लावा, नुसती शेपूट खाली घालून पाणी उकरत बसेल. हे सगळं मी फळ्यासमोर उभी असल्यासारखं दुकानात सांगितलं. दोन गिऱ्हाइकं थांबून ऐकायला लागली.

श्रीकृष्णने नवरदेवावरून हात काढला. मग तो जे बोलला त्याने मला खरंच बरं वाटलं. "बरोबर आहे हिचं. पंप घेताना आपण नुसता हॉर्सपॉवर बघतो का हार्दिक? किती उंचीवर किती पाणी, ते बघतो. मला वेग नकोच आहे. मला ओढ पाहिजे." मग दोघांनी कॅटलॉग उघडला आणि तासभर मला कोणी विचारलं नाही. ठरली ती सहा हॉर्सपॉवरची. वजन सत्तावीस किलो. दांडा लांब, म्हणजे कोणी पुढे गेलं आणि शेपूट उचललं तरी पंखा पाण्यातच राहणार. आणि पंखा नेहमीचा नव्हे, ओझं ओढणाऱ्या बोटींना लावतात तो, रुंद पात्यांचा, हळू पण जोराने पाणी ढकलणारा. तो सुरतेहून मागवावा लागला. "पणजोबांकडे याहून जास्त घोडे होते," मी जाता जाता म्हटलं. श्रीकृष्णला ते ऐकूच गेलं नाही, इतका तो खूश होता.

डिसेंबरात मोटर आली. आम्ही नदीवर गेलो, छनाभाईंना बोलावलं, काटा लावला. काटा सरकत सरकत चौसष्टवर गेला आणि तिथे ठाम राहिला. छनाभाईंनी वाकून दोनदा आकडा पाहिला. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवत होते. "हवे बराबर," छनाभाई म्हणाले, "चालो, फेरवी लावो." म्हणजे आता बरोबर; फक्त एक फेरी मारून दाखवायची राहिली होती.

आणि तिथे श्रीकृष्णने घात केला. बोटीत बसण्याआधी त्याने जीपमधून ती जुनी, छोटी मोटर काढली आणि नव्या मोटरच्या शेजारी मागच्या फळीला टांगली.

"हे काय?" मी विचारलं.

"बी."

मी कपाळाला हात लावला. तो, दोन मोटरी, पेट्रोलची टाकी, सगळं ओझं मागच्या दोन हातांच्या जागेत! बोट निघाली तशी शेपटीवर बसली. बोटीत साचलेलं पाणी बाहेर जायला मागे दोन भोकं असतात. ती आता पाण्याखाली गेली आणि नर्मदा त्यांतून आत यायला लागली. मधल्या धारेपर्यंत घोट्याएवढं पाणी झालं. माझा डबा तरंगायला लागला. छनाभाई काठावरून ओरडले, "साहेब, आ होडी छे के डोल?" होडी आहे की बादली, हे ऐकून गावची पोरंठोरं पोट धरून हसली.

परत आल्यावर मी म्हटलं, "काढ ती दुसरी."

"नाही काढणार."

"अरे, बोट बुडतेय तिच्यामुळे!"

"स्टँडबाय नसेल तर मी या खेपेच्या एकशे सोळा साड्या घेऊन जाणार नाही. मागच्या खेपेला एकाच मोटरवर गेलो आणि काय झालं ते बघितलंस ने?"

"मागच्या खेपेला मोटर बंद पडली नव्हती. ती लहान होती. आणि हे शीड कशाला आहे? शोभेला?"

"वाऱ्याचा काय भरवसा!"

घाटावर, सगळ्यांदेखत, तासभर भांडलो आम्ही. तो हट्टीपणा करतोय असं मला आधी वाटत होतं. परत येताना जीपमध्ये त्याने कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एकदा 'बी' दुरुस्तीला खोललेला असताना 'ए' बसला. हा एकटा समोर उभा होता. कोणाला इजा झाली नाही, काही पेटलं नाही. पण पंप पुन्हा फिरेपर्यंतची ती सात मिनिटं त्याच्या अंगातून कधी गेली नाहीत. "मला भीती वाटते, कांचन," तो म्हणाला. इतक्या वर्षांच्या दोन-दोन इस्त्र्यांचा अर्थ मला त्या दिवशी लागला.

जानेवारी उजाडला तरी गाडी तिथेच अडली होती. बी शिवाय हा जायला तयार नाही आणि बी घेऊन बोट तरत नाही. छनाभाईंना नाही म्हणून कळवायचं ठरत होतं. त्याच आठवड्यात इंदिराबाई रिक्षा करून घरी आल्या. पिशवीतून हिरवी नऊवारी काढली, लाल काठाची, घडीसुद्धा न मोडलेली.

"ही पुढे लाव," त्या मला म्हणाल्या. "माझ्या जाण्याच्या वेळी नेसवायची म्हणून ठेवली आहे. आधी नर्मदेला दाखवून आण. पण कांचन, ही परत आण बाई. दुसरी नाही माझ्याकडे."

श्रीकृष्ण दारात उभा होता. "काकू, गेल्या वर्षी तुमचा शालू घालवला मी. तुम्ही पुन्हा का देता?"

"तू पुन्हा नेतोयस म्हणून," इंदिराबाई म्हणाल्या, आणि चहा मागितला.

त्या गेल्यावर तो अंगणात गेला. छोटी मोटर फळीवरून काढली, पुसली, तेल दिलं आणि माळ्यावर नेऊन ठेवली. मग आत येऊन म्हणाला, "शीड म्हणजे बी. पण बी नुसता असून चालत नाही. तो किती वेळात चालू होतो ते माहीत पाहिजे." पुढचे तीन रविवार आम्ही तेवढंच केलं. मधल्या धारेत मोटर बंद करायची आणि शीड वर चढवायचं. मी हातात घड्याळ घेऊन. पहिल्यांदा बावन्न सेकंद लागली. शेवटच्या रविवारी अकरा. शेपटीवरचा भार सावरायला पुढच्या टोकावर कोणी तरी बसायला हवं होतं, ते माणूस मीच. मला पोहता येत नाही. नऊवारीवर नारिंगी लाइफ जॅकेट घालून मी कशी दिसत होते हे मला कोणी सांगितलं नाही, आणि सांगायची कोणाची छातीही नव्हती.

रथसप्तमीला सकाळी उत्तरेचा गार वारा सुटला होता. काठावर ढोल, गुलाल, हजारभर माणसं. आमच्या मंडळाच्या एक्केचाळीस बायका एका रांगेत, मधे खुर्चीवर इंदिराबाई. श्रीकृष्णने या वेळी वरच्या पाण्याची चौकशी तीनदा केली होती. छनाभाईंनी दोराचं टोक माझ्या हातात दिलं. त्याला बांधलेली पहिली साडी हिरवी, लाल काठाची. मी ती मांडीवर घट्ट घेतली, भिजू नये म्हणून जॅकेटच्या आत निम्मी कोंबली आणि मागे वळून म्हटलं, "चल."

मोटर चालू झाली. गेल्या वर्षीसारखी ती किंचाळली नाही. खालच्या आवाजात, संथ, कामाला बसलेल्या माणसासारखी घुमत राहिली. मागे एकेक नाव माळ झेलत निघाली; लाल, पिवळी, जांभळी, मोरपंखी. दोर ताणला आणि बोटीच्या खुंट्याने कर्र केलं. मधली धार आली. नाक प्रवाहाकडे तिरकं वळवून श्रीकृष्ण सुकाणूवर ताठ बसला होता. मी पलीकडच्या काठावरचं एक निंबाचं झाड नजरेत धरलं होतं. ते झाड हलत नव्हतं. गेल्या वर्षीही इथेच हलणं थांबलं होतं.

"श्रीकृष्ण!"

"अजून पाव जोर शिल्लक आहे," तो मागून म्हणाला आणि त्याने मूठ फिरवली. बोटीने एक खोल श्वास घेतल्यासारखं केलं आणि झाड जवळ यायला लागलं. खरंच यायला लागलं! मी मोठ्याने मोजायला सुरुवात केली, काय मोजत होते देव जाणे. मागून छनाभाईंच्या नावेतून आवाज आला, "खेंचे छे! खेंचे छे!" ओढतेय, ओढतेय, आणि तो आवाज एका नावेतून दुसऱ्या नावेत जात थेट आमच्या काठापर्यंत पोचला.

शेवटचे साठेक मीटर राहिले तेव्हा पाणी उथळ झालं. पलीकडे वाळूची पट्टी होती. लांब दांड्याच्या मोटरची ही किंमत. पंखा वाळूत घासायला लागला. आणखी पुढे गेलो असतो तर पाती तुटली असती. मी वळून पाहिलं. श्रीकृष्ण माझ्याकडे बघत होता. मग त्याने मोटर बंद केली आणि उचलून वर घेतली. एकदम शांतता झाली. नुसतं पाणी आणि दूरचे ढोल. त्याने शिडाचा दोर ओढला. मी घड्याळ बघितलं नाही, पण अकरा सेकंद नक्की लागली नसतील. पांढरं शीड फडफडलं, वाऱ्याने फुगलं आणि राजनंदिनी, एकशे सोळा साड्या मागे घेऊन, आवाज न करता काठाकडे सरकत गेली. हजार माणसं ओरडत होती. मी त्याहून मोठ्याने ओरडत होते.

नाक वाळूला लागलं. पलीकडच्या गावच्या बायका गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या, त्यांच्या हातात मी दोर दिला. मग उठून मागे पाहिलं. या तीरापासून त्या तीरापर्यंत, सलग, कुठेही न तुटलेली. नर्मदा साडी नेसून उभी होती आणि तिच्या निऱ्यांत आमच्या एक्केचाळीस नऊवाऱ्या होत्या. श्रीकृष्ण बोट धरायला म्हणून खाली उतरला तो नेमका खड्ड्यात, आणि गळ्यापर्यंत बुडाला. वर आला तेव्हा खोकत होता आणि हसत होता. मी हिरवी साडी बोटीच्या कोरड्या टोकावर ठेवली, लाइफ जॅकेटसकट पाण्यात उतरले आणि सगळ्यांदेखत त्याला मिठी मारली. लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. वाजवू देत. मला या माणसाचा इतका अभिमान वाटला की तो कुठे ठेवावा ते मला कळेना.

"कांचन," तो कानाशी म्हणाला, "शेवटी माझ्याकडे एकच होतं. नुसतं शीड. त्याला बी नव्हता." एका हाताने त्याने बोट धरून ठेवली होती. "आणि मला भीती नाही वाटली."

पूजा झाली, माळ परत गुंडाळली गेली. मी एकेक साडी मोजून घेतली; एकशे सोळा. हिरवी मात्र मी कोणाच्या हातात दिली नव्हती. आमच्या तीरावर पोचल्यावर ती इंदिराबाईंच्या मांडीवर ठेवली. त्यांनी ती पदरापासून काठापर्यंत हाताने चाचपून पाहिली. कोरडी होती.

"श्रीकृष्ण, इकडे ये," त्या म्हणाल्या.

तो खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसला. केसांतून पाणी गळत होतं आणि तो रडत होता, मी लपवून ठेवत नाही. इंदिराबाईंनी साडी उलगडली, त्या नव्याकोऱ्या पदराचं टोक हातात घेतलं आणि त्याचं तोंड पुसायला लागल्या. कपाळ पुसलं, डोळे पुसले, कानांमागचं पाणीसुद्धा टिपलं.

"काकू, साडी भिजेल," तो म्हणाला.

"भिजू दे," त्या म्हणाल्या, आणि पुसत राहिल्या.